हिरा किलोच्या भावात

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका टूलरूममध्ये उभी नोकरी काढून काका निवृत्त झाले आणि प्रताप नगरातल्या घराच्या पोर्चमध्ये स्कूटरच्या जागी बेंच ग्राइंडर आला. आधी ओळखीच्या सुताराच्या पटाश्या आल्या. मग केटरिंगवाल्याच्या सुऱ्या, प्लंबरचे ड्रिल, रंध्याची पाती. आता माटे चौकापासून खामल्यापर्यंत फर्निचरची कामं घेणारी पोरं धारेसाठी त्यांच्याकडेच येतात. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणतात, तेव्हा इथंही काकाच म्हणू.

पोर्चमधल्या लोखंडी कपाटाला दोन कप्पे आहेत. खालच्या कप्प्यात ग्राइंडिंग व्हील: सगळी नवी, पुठ्ठ्याच्या खोक्यात, बिलासकट. वरच्या कप्प्यात ही चाकं ड्रेस करायची हत्यारं: झाडून सगळी जुनी, कबाड्यांकडून वेचून आणलेली. कपाट एकच, पैसा एकाच पेन्शनीतला, आणि खरेदीची रीत मात्र वर एक, खाली उलटी. पाहणाऱ्याला हा म्हातारपणचा विक्षिप्तपणा वाटतो. हिशोब मात्र चोख आहे.

ग्राइंडरचं चाक बोथट होतं, हे धार लावून घ्यायला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांच्या गावी असतं. चाकात कापायचं काम करतात ते ॲल्युमिनियम ऑक्साइडचे नाहीतर सिलिकॉन कार्बाइडचे कण. कणाची धार गेली की त्याच्यावरचा दाब वाढतो, तो फुटतो किंवा बॉन्डमधून, म्हणजे कण बांधून ठेवणाऱ्या मसाल्यातून, निखळतो आणि खालचा ताजा कण वर येतो. पुस्तकात हे आपोआप घडतं. पोर्चमध्ये कुणीतरी ॲल्युमिनियमची पट्टी दगडावर घासून जातो आणि चाकाची छिद्रं धातूनं बुजतात. कारागिरांच्या बोलीत ‘व्हील भरलं’. किंवा कडक ग्रेडच्या चाकावर हलक्या हातानं काम होत राहतं, कण जागच्या जागी झिजून सपाट होतात आणि चाकाचं तोंड चकाकायला लागतं; ते ‘ग्लेझ झालं’. असं चाक कापायचं सोडून नुसतं घासत बसतं आणि जॉब तापवतं. साध्या कार्बन स्टीलच्या पटाशीवर निळी झाक आली, म्हणजे तिचं टोक ३०० अंश सेल्सियसच्या आसपास जाऊन आलं. पाणी उतरलं. ती पटाशी सागवानात चार घाव टिकायची नाही, आणि सुतार नाव घेणार ते काकांचं.

म्हणून ड्रेसिंग: चाकाचा वरचा मेलेला थर उडवायचा. चाक ‘आउट’ चालत असेल, तर त्याच हत्यारानं ते गोलही करून घ्यायचं.

यातलं सगळ्यात रांगडं हत्यार म्हणजे स्टार ड्रेसर. ओतीव लोखंडाचा फूटभर दांडा. त्याच्या डोक्यात एका पिनवर ओवलेल्या कडक पोलादाच्या चांदण्या आणि मधेमधे साध्या वॉशरी. डोक्याखाली दोन आकडे असतात, ते ग्राइंडरच्या टूल रेस्टच्या पुढच्या कडेला अडकवायचे, दांडा वर उचलायचा आणि चांदण्या फिरत्या चाकावर दाबायच्या. त्या चाकाबरोबर गरगरतात आणि कण ठेचून उडवतात. ठेचायचं काम असल्यामुळेच पोलाद आपल्याहून कितीतरी कठीण कणांना पुरून उरतं. नवशिका घाबरून हलकं दाबतो, मग ठिणग्यांचा पाऊस. आणि ही ठिणगी म्हणजे चांदणीचंच पोलाद जळतंय. घट्ट दाबलं की ठिणगी कमी, भुकटी जास्त. अमेरिकेत या रचनेला अजूनही हंटिंग्टन ड्रेसर म्हणतात.

जुना स्टार ड्रेसर हातात आला की काका गंजाकडे बघतच नाहीत. गंज रॉकेलनं जातो. ते आधी आकडे बघतात, कारण आकडा तुटलेला ड्रेसर टूल रेस्टवर ठरत नाही आणि घसरला तर हात चाकावर जातो. मग पिनचं भोक बघतात. झिजून लंबगोल झालं असेल तर जाड पिन घालता येते. बॉडीलाच चीर असेल तर सोडून द्यायचं. चांदण्या जाम असल्या तर त्या मोकळ्या होतात का एवढंच बघायचं, कारण जाम चांदणी फिरत नाही, आणि न फिरणारी चांदणी चाकाला ठेचत नाही, उलट चाकच तिला खाऊन टाकतं. चांदण्यांची टोकं संपलेली असली तरी चिंता नाही. नवा संच हार्डवेअरच्या दुकानात सुटा मिळतो.

खरं सांगायचं तर स्टार ड्रेसर जुना घेण्यात पैसा फार वाचत नाही. नवा देशी काहीशे रुपयांत येतो. पण जुन्याची बॉडी वजनदार असते, दांडा लांब असतो आणि हाताला थरथर कमी येते. काकांना हवी असते ती बॉडी. चांदण्या नव्याच घालायच्या असतात.

एमआयडीसीच्या वाटेवर एका कबाड्याकडे त्यांना असाच एक दिसला. कबाड्याकडे ग्राइंडर असतोच. आलेला तुकडा दगडाला लावायचा आणि ठिणगी बघायची: कार्बन स्टीलची पांढरी-पिवळी, फुलबाजीसारखी फुटणारी, हायस्पीड स्टीलची लालसर, विरळ, मंद. हायस्पीडला भाव जास्त, म्हणून ही परीक्षा. वापरलेलं कार्बाइड तर वेगळ्या डब्यात. त्यातल्या टंगस्टनचा भाव कबाड्याला तोंडपाठ. पण ज्या ग्राइंडरवर ही सगळी पारख चालते, त्याच्याच चाकाला मधोमध खोल घळ पडलेली आणि दोन्ही कडा शिंगांगत वर आलेल्या. त्या घळीवर उपाय असलेला ड्रेसर दोन हातांवर, नटबोल्टच्या ढिगात, किलोच्या भावात पडलेला.

“हे कायचं आहे जी काका?”

“थांब, दाखवतो.”

काकांनी आधी ग्राइंडर बंद करायला लावला. चाक हातानं सावकाश फिरवून चीर नाही ना ते न्याहाळलं, टूल रेस्ट मागे घेऊन बोल्ट आवळला, चांदण्यांवर तेल सोडून त्या मोकळ्या केल्या. चष्मा आणि मास्क चढवला, कबाड्याला बाजूला उभं केलं आणि दांडा दाबला. राखाडी भुकटीचा ढग उठला. कडा खाली आल्या, घळ गेली, चाकाचं तोंड खरखरीत झालं. कबाड्यानं एक बोल्ट लावून पाहिला. जो दाब द्यायची त्याला सवय होती त्याच्या निम्म्यात बोल्टाचं डोकं साफ.

“अरे बापा! हे तर कामाचं आहे. मंग किलोनं कसं देऊ जी?”

“तुह्या व्हीलची मजुरी काप त्यातून, मंग सांग भाव.”

भाव किलोचाच राहिला. वर चहा कबाड्याकडून.

ही युक्ती प्रत्येक वेळी चालत नाही. माल चालवून दाखवला की भाव चढतो हा या बाजाराचा नियमच आहे, आणि काही कबाडी आता काकांना बघूनच ढीग झाकतात. शिवाय जुन्या लोखंडाला वंशावळ चिकटवायची त्यांना खोड. नागपुरात कुठलंही जाड, काळं ओतकाम हातात घ्या, ‘मिलचा माल आहे’ हे ऐकायलाच मिळतं. टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ला सुरू झाली आणि २००२ मध्ये कायमची बंद पडली. पण कबाड्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवायचा तर तिचं भंगार अजून निघतंच आहे. मे महिन्यात इतवारीच्या लोहा ओळीत ही कुळकथा उन्हात उभं राहून ऐकावी लागते, जेव्हा लोखंडाला हात लावायचीही सोय नसते.

किलोच्या भावाची खरी कमाई हिऱ्यात आहे. सिंगल पॉइंट डायमंड ड्रेसर म्हणजे बोटाएवढी पोलादी कांडी आणि तिच्या टोकाला धातूच्या भुकटीत घट्ट बसवलेला एक नैसर्गिक हिरा: पाव कॅरेटचा, अर्ध्याचा, क्वचित एकाचा. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्राम, म्हणजे पाव कॅरेटचा हिरा भरतो ५० मिलिग्राम. तराजूला तो कळतसुद्धा नाही. कार्बाइड वजनदार असतं, डब्यात साठतं, त्याचा भाव होतो. हिऱ्याची कांडी मोडक्या टूलबिट आणि ड्रिलच्या दांड्यांबरोबर साध्या पोलादात जाते. टूलरूममध्ये हाच हिरा कुलपात असायचा. नवा हवा तर जुना जमा करायचा, वहीत सही करायची, आणि हिरा तोडणाऱ्या पोराला फोरमन आठवडाभर ऐकवायचा. कारखाना बंद पडला, मशीन विकलं गेलं, की त्या वहीला विचारतो कोण? ड्रॉवरसकट सगळं लॉटमध्ये जातं.

कांड्यांच्या ढिगात काका आधी खोदलेली अक्षरं शोधतात. दांड्यावर बहुधा कॅरेट लिहिलेलं असतं. मग टोक रॉकेलनं पुसून, इतवारीच्या सराफ्यातून घेतलेलं दहापटीचं भिंग डोळ्याला लावतात. हिरा बाहेर आलेला दिसतो का? त्याच्याभोवती धातूचा वेढा घट्ट आहे की फट पडली आहे? फट असेल तर नको, कारण ढिला हिरा चालू चाकावर निसटतो. आत पिसासारखी चीर दिसते का? हिरा कठीण असला तरी ठिसूळ असतो. कोरड्यात तापवून मग एकाएकी कूलंट सोडलं की तडकतो. टोक दुधी, काळवंडलेलं असेल तर तो जळलेला आहे. आणि काच ओरखडून ‘असली हिरा’ सिद्ध करणाऱ्या विक्रेत्याकडे काका लक्षच देत नाहीत. काच कार्बाइडनंही ओरखडली जाते, गारगोटीनंही.

राहिला तो सपाट झालेला हिरा, आणि ढिगात बहुतेक हिरे असेच असतात. कारखान्याच्या दृष्टीनं तो मेलेला. टोक सपाट झालं की ड्रेसर कण फोडायचं सोडून चाकाचं तोंड दाबून बंद करतो, मग जॉब जळतात. पण सपाट होण्याचं कारण बहुधा हिऱ्यात नसतं, ते धरण्यात असतं. कांडी चाकाच्या फिरण्याच्या दिशेकडे १० ते १५ अंश कललेली हवी आणि थोड्याथोड्या वेळानं होल्डरमध्ये स्वतःभोवती जराशी फिरवायला हवी, म्हणजे नवी कड पुढे येते आणि टोक टिकतं. हे न करता एकाच बाजूनं महिनोन्महिने ओढला तर दुसरं काय होणार? अशा कांडीला चौथाई फेरा दिला की पुष्कळदा ताजी कड सापडते. ती नसली तरी मार्ग आहे. हिऱ्याचा नैसर्गिक स्फटिक बहुधा अष्टफलक असतो, त्याला ६ टोकं असतात. एक गेलं तर हिरा काढून, फिरवून, दुसरं टोक वर करून बसवतात. याला रीसेटिंग म्हणतात आणि हिऱ्याची औद्योगिक हत्यारं बनवणारे ते करून देतात. ज्या कबाड्यानं दहा-वीस रुपयांत कांडी दिली, त्यानं उरलेली ५ टोकं फुकटात दिली.

सराफ्यातल्या माणसाला काकांनी एकदा असा हिरा दाखवला. त्यानं भिंगातून पाहिलं आणि हसून परत केला: पिवळट, डागाळलेला, दागिन्याच्या कामाचा नाही. विदर्भाला हिरा तसा नवा नव्हे, गडचिरोलीतल्या वैरागडच्या हिऱ्याच्या खाणीची नोंद आईन-ए-अकबरीत आहे. पण खाणीतून निघणाऱ्या हिऱ्यांचा मोठा भाग अशाच प्रतीचा असतो आणि कारखान्याला तोच लागतो. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत कृत्रिम हिरा तयार झाला, तेव्हापासून चुऱ्याची कामं त्याच्याकडे गेली. मल्टीपॉइंट ड्रेसरमध्ये बारीक हिरे सगळ्या गाभ्यात मिसळलेले असतात, वरचा थर झिजला की खालचे उघडे पडतात. तो जुना घेताना डोकं चालवावं लागत नाही: गाभा किती मिलिमीटर उरलाय ते मोजायचं, तेवढाच माल.

हिरा चालवण्याची एक गंमत आहे. सरफेस ग्राइंडरवर एका वेळी मिलिमीटरचा पन्नासावा भाग खाली घ्यायचा, आणि मग टेबल किती वेगानं सरकवता त्यावर चाकाचा स्वभाव ठरतो. हिरा सावकाश नेला तर चाकाचं तोंड गुळगुळीत होतं, फिनिश चांगला येतो, पण कापणं मंदावतं. झपकन नेला तर तोंड उघडं, खरखरीत, भूक मोठी. एकच चाक रफ आणि फिनिश दोन्हीला वापरणारे जुने मिस्त्री याच चालीवर नोकऱ्या काढून गेले.

आता खालच्या कप्प्याकडे.

कबाड्याकडे ड्रेसर मिळतो तिथं चाकंही मिळतात, कधी कधी खोक्यातली, न वापरलेली भासणारी. काका ती घेत नाहीत. फुकट दिली तरी नाहीत. ड्रेसरचं दुखणं भिंगात दिसतं, बोटाला लागतं, आणि फसला तरी काही रुपयांचा सौदा फसतो. चाकाचं दुखणं पोटात असतं. २०० मिलिमीटरचं चाक आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला २८५० फेरे घेतं, तेव्हा त्याचा काठ सेकंदाला जवळपास ३० मीटर पळतो. ताशी १०० किलोमीटरच्या वर. ते कुठं पडलं होतं, पावसात भिजलं का, ट्रकमध्ये कुणी त्याच्यावर गिअरबॉक्स ठेवली का, हे कुणी सांगू शकत नाही. रेझिन बॉन्डच्या कटिंग व्हीलवर तर वापरायची मुदत छापलेली असते, साधारण ३ वर्षं. कबाड्याकडच्या ढिगात ती तारीख बहुतेक वेळा उलटून गेलेली.

टकटक चाचणी आहे, आणि काका नव्या चाकाचीही करतात. चाक भोकात बोट घालून लोंबतं धरायचं, उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं हळूच वाजवायचं. चिनीमातीच्या बॉन्डचं, म्हणजे व्हिट्रिफाइड, धडधाकट चाक खणकन वाजतं. तडकलेलं भद्द बोलतं. पण ही चाचणी नापास ठरवायला चांगली, पास करायला पुरेशी नाही, आणि रेझिनचं चाक तर धड असूनही तसं वाजत नाही. नवं चाक बसवल्यावर काका ते मोकळं फिरू देतात आणि तेवढा वेळ बाजूला उभे राहतात. दोन्ही बाजूंचे कागदी वॉशर ते कधी फाडून टाकत नाहीत, कारण फ्लॅन्जचा दाब त्यांच्यामुळेच सारखा पसरतो. १९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम ३० नं प्रत्येक ग्राइंडिंग मशीनजवळ चाकाच्या काठाच्या सुरक्षित वेगाची पाटी कायमची लावणं बंधनकारक केलं होतं. पोर्च म्हणजे कारखाना नव्हे, तरी काकांच्या ग्राइंडरवर ऑइलपेंटनं आकडे लिहिलेले आहेत.

चाकं महाग वाटावीत अशीही नसतात. देशात ती पिढ्यान्‌पिढ्या बनतात. उरणच्या मोरा बंदरापाशी ग्राइंडवेलनं १९४१ मध्ये सुरुवात केली, पुढे ती ग्राइंडवेल नॉर्टन झाली आणि तिचा एक कारखाना नागपुरातही आहे. आणि त्याआधी? शिकलगारांच्या सहाणीचं चाक कुरुंदाचा चुरा लाखेत बांधून व्हायचं. कुरुंद भंडाऱ्याकडे पोहऱ्याच्या परिसरात सापडतो, लाख गोंदियाकडच्या पळसांवर पिकते. म्हणजे दोन्ही सामान आपल्याच मुलखातलं. लाखेचा बॉन्ड अजून मोडीत निघालेला नाही. चाकावरच्या खुणेत शेवटी ‘व्ही’च्या जागी ‘ई’ अक्षर दिसलं तर ते लाखेचं. आरशासारखा फिनिश लागणाऱ्या रोलसाठी तसली चाकं बनतात. काका स्वतः हायस्पीडसाठी पांढरं, ६० नंबर कणाचं, मऊ ‘के’ ग्रेडचं घेतात. मऊ चाक लवकर संपतं, अशी तक्रार पोरं करतात. ते संपतं म्हणूनच जॉब जळत नाही.

वरच्या कप्प्यातली सगळ्यात किमती वस्तू ड्रेसरसारखी दिसतसुद्धा नाही. ती आहे रेडियस ड्रेसर: चाकाच्या तोंडाला नेमक्या त्रिज्येची गोलाई द्यायचं उपकरण, एका खुंटीवर फिरणारा हात आणि हातात हिरा. कबाडी तिला मोडक्या व्हाइसचा भाग समजला होता. असल्या वस्तूत एकच गोष्ट तपासायची. हात धरून हलवला तर डायल गेजचा काटा किती हलतो? शतांश मिलिमीटरच्या दोन-तीन घरांत राहिला तर घ्या, त्यापुढे गेला तर कितीही चकचकीत असली तरी ठेवून द्या, कारण खुंटीतला खेळ हिऱ्याच्या टोकाला जाऊन वाढतो. प्रताप नगरात गोलाईच्या चाकाचं काम किती येतं, हा प्रश्न घरातून विचारला गेला. दरवाजांच्या चौकटींना नक्षी पाडणाऱ्या मोल्डिंग कटरना अगदी तेच लागतं, हे उत्तर तयार होतं; खरं किती, ते कपाटाला ठाऊक.

परवा त्याच एमआयडीसीच्या वाटेवरच्या कबाड्यानं फोन करून बोलावलं. बंद पडलेल्या एका वर्कशॉपचा लॉट: दोन स्टार ड्रेसर, हिऱ्याच्या काही कांड्या आणि त्यांच्याबरोबर कार्बाइड घासायच्या हिरव्या चाकांचं अख्खं खोकं. घ्यायचं तर सगळं घ्या, म्हणाला. काकांनी सगळं घेतलं. मग तिथंच, गोणपाट टाकून, हातोडीनं हिरवी चाकं फोडायला बसले. कबाडी बघतच राहिला.

“फोडता काहून जी? मी दुसऱ्याले विकलं असतं ना.”

“तेच होऊ नये म्हणून.”

मुठीत मावतील असे तुकडे त्यांनी वेचून पिशवीत भरले. सिलिकॉन कार्बाइडचा असा तुकडा टूल रेस्टवर टेकवून भरलेल्या चाकावर हलकेच फिरवला की भरणीचा वरचा थर निघून जातो, आणि दुकानात मिळणारी ड्रेसिंग स्टिक म्हणजे हेच, फक्त चौकोनी. बाकीचा चुरा कबाड्याच्या अंगणातल्या खड्ड्यात गेला. कांड्या अजून भिंगाखाली गेलेल्या नाहीत. पेपरात गुंडाळून वरच्या कप्प्यात पडल्या आहेत, सुतारांची लग्नसराईची गर्दी ओसरेपर्यंत.